रहाडीतला धप्पा

नाशिक,
२ मार्च २०२५

ती. धनराजदादास,
सरिताचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस. माझा मोबाइल ह्यांनी भिंतीवर आपटला. भिंत शाबूत आहे. त्याआधी मला आपटलं, तेव्हाही तिला काही झालं नव्हतं. जुन्या नाशकातलं बांधकाम पक्कं! कारण म्हणशील तर भाजीत मीठ. मागच्या वेळी जास्त होतं, ह्या वेळी कमी. रोशनी मध्ये पडली, तर तिच्या अशी कानाखाली बसली की पोरीला अजून डाव्या कानानं नीट ऐकू येत नाही. सासूबाई म्हणाल्या, आमच्या सोमनाथचा हातच जरा जड आहे.

असो. रंगपंचमीला गल्लीतली रहाड उघडणार. वर्षभर बुजवलेला दगडी हौद, पळसाच्या फुलांचा रंग आणि काठावरून अंग झोकून धप्पा मारणारे पुरुष, तुला ठाऊकच आहे. यंदा बायकांनाही तासभर दिलाय. त्यांना हात देऊन वर काढायला हौदात कोण उभं राहणार, तर हे. स्वतःच नाव दिलं. मला चारचौघांत म्हणाले, तू येऊ नकोस म्हशी, रहाड रिकामी होईल.

रोशनीला एक प्रश्न पडलाय. जड वस्तू उंचावरून कुणावर पडली, तर दणका कशावर ठरतो? उत्तर घरी नको, मी शिकवते त्या बालवाडीच्या पत्त्यावर धाड. वहिनींना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
सरिता


हरसूल,
८ मार्च

चि. सरितास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि नववीच्या वर्गावर उगाच ओरडलो. दोघी इकडे या, असं पुन्हा म्हणतो. घर सोडायचं तर त्यांनी सोडावं, हे तुझं उत्तरही पाठ आहे.

रोशनीला सांग, वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. उंची वाढली की वेग वाढतो. वस्तुमानाची आपल्या घराण्यात टंचाई नाही. थांबायला वेळ जितका कमी, तितकं बल जास्त. मोकळ्या पाण्यातला माणूस खाली दबून वाचतो, काठाला टेकलेल्याला सरकायला जागा नसते. अंग पसरलं तर मार वाटला जातो, गुडघे पोटाशी घेतले तर एका जागी बसतो. डोकं मात्र टाळावं, नाहीतर विषय माझ्याकडून पोलिसांकडे जातो. आणि जेवढं बल खाली, तेवढंच उलटं वर येतं. पडणाऱ्यालाही लागतं.

रोशनी पाचवीत आहे आणि हा धडा नववीला, हे माझ्या ध्यानात आलंय. पण विचारलं की सांगायचं, ही मास्तरांची खोड.

जपून. खुशाली कळव.

धनराज


नाशिक,
२२ मार्च

ती. दादास,
सा. न.

रंगपंचमी छान झाली. हे काठाला पाठ टेकून, बायकांच्या उड्यांना नावं ठेवत उभे होते. मला पाहून ओरडले, आली म्हैस, बाजूला व्हा! सगळ्या बाजूला झाल्या. मी पदर खोचला, गुडघे पोटाशी घेतले.

हाड मोडल्याचा आवाज ढोलांच्या गजरातही ऐकू आला. रंग केशरी, त्यामुळे रक्त किती ते कळलं नाही. धप्पा जोरदार म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या, मंडळानं नारळ दिला. रहाडीत लागलं तर तक्रार करायची नाही, हा गल्लीचा जुना रिवाज. ह्यांनीच दरवर्षी सगळ्यांना बजावलेला. ते विव्हळत म्हणतात, मुद्दाम केलं. सासूबाईंना मी सांगितलं, माझं अंगच जरा जड आहे.

माझा गुडघा भोपळ्याएवढा सुजलाय, तू लिहिलं होतंस तसा.

डॉक्टर म्हणाले, ह्यांचा उजवा हात आता खांद्याच्या वर जाणार नाही. मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. रोशनीनं उजवा कान पुढे करून ऐकलं.

लोभात खंड नको.

तुझी,
सरिता