ट्रॅक्शनचा पिवळा दिवा

मंगळवार, संध्याकाळ. जालना.

आज परत तेच. ऑफिस सुटल्यावर बदनापूरहून येताना उसाच्या ट्रॉलीला मागे टाकत होते, तेवढ्यात डॅशबोर्डवर ट्रॅक्शनचा, म्हणजे चाकं घसरल्याचा, पिवळा दिवा लागला आणि गाडीची ताकदच गेली. समोरून ट्रक. कशीबशी ट्रॉलीच्या मागे परत आले.

नवऱ्यानं, नितीननं, मागच्या महिन्यात माझ्या गाडीच्या इंजिनाची ताकद वाढवून घेतली, तेव्हापासून हा दिवा. घरी येऊन नितीनला सांगितलं, तर म्हणाला, "चाकं घसरून राह्यली असं वाटून गाडी स्वतःच ताकद तोडते. बटन दाबून ते बंदच ठेव, मंग बराबर पळते."

"आणि ओल्या रस्त्यावर खरंच घसरली तर?"

"हळू चालव."

हळूच चालवायची, तर ताकद कशाला वाढवली?

तशीच मस्तगडच्या मेकॅनिककडे गेले आणि इंजिन पहिल्यासारखं करून घेतलं. येताना दिवा एकदाही लागला नाही.

नितीन एक चक्कर मारून आला. "पार मेली गाडी," म्हणाला. पाणी प्यायला, आणि मग विचारलं, "ट्रक किती जवळ आल्ता?"

मी ओट्यापासून फ्रिजपर्यंतचं अंतर दाखवलं. तो खुर्ची ओढून बसला.