सोफ्याचा वास

१२ जानेवारी, संध्याकाळ

चार दिवसांनी लिहितोय, माफी असावी. मन थाऱ्यावर नव्हतं.

रविवारी दुपारी नव्या मायक्रोफायबरच्या सोफ्यावर डोळा लागला आणि झोपेतच धोतर भिजलं. या वयात हे. मुलगा-सून सुरतेला लग्नाला गेलेत, परवा येतील. खांडबाऱ्याच्या लेकीला, सुमनला, फोनवर चहा सांडला म्हणून सांगितलं. तिच्या सांगण्यावरून साबणाच्या फेसानं पुसलं. डाग गेला, वास राहिला. मग सोफ्याची गादी शेजारच्या मिरची वाळवायच्या पथारीवर, वाळत्या मिरच्यांत ठेवली. वाटलं, त्या तिखटापुढे दुसरा वास काय टिकणार? आता दोन्ही वास येतात, आणि बसलं की शिंका.

आज फोनवर गादीचं सांगितलं तर सुमन हसली. "आबा, चहा सांडना तं गादी मिरचीमा कसाले टाकी?"

फोन ठेवून दिला.

सून तोंडानं काही बोलणार नाही. पण माझी खाट ओट्यावर गेली तर? आत्ताच परत हुंगून आलो. आहेच वास.

शेवटी सुमनला मेसेज लिहिला. चहा नव्हता बेटा, मीच होतो. आता खरा इलाज सांग. परवाच्या आत कळव, कोणाला सांगू नको, पण लवकर कळव.