रांगोळीतला माड

महानगर, लखनौ
शनिवार, १२ फेब्रुवारी १९८३

सांगायला हवं होतं. दारातच सांगून टाकायला हवं होतं.

दुपारी लॅबमध्ये प्रकाशचा पुण्याहून ट्रंककॉल आला. लग्न नको म्हणाला. कारण विचारलं तर नुसतं ‘सॉरी’ म्हणत राहिला. आणि संध्याकाळी देशपांडेकाकूंकडे माझं केळवण! त्यांनी सकाळपासून पुरणपोळ्यांचा घाट घातलेला. माझं तोंडच उघडेना.

ताटाभोवती रांगोळीत निळा समुद्र काढलेला आणि कोपऱ्यात हिरवागार माड. हनिमूनला बार्बाडोसला जायचं, हे प्रकाशचं खूळ इथल्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक. क्रिकेटची कॉमेंट्री ऐकून लागलेलं. मी हसायचे, फार तर नैनिताल होईल म्हणायचे. आणि मग त्याच्याबरोबर ॲटलासमध्ये ते बेट शोधत बसायचे. खरंच वाटायला लागलं होतं का मला? हो. वाटायला लागलं होतं.

काकूंची मिनू म्हणाली, “दीदी, वहाँ से मेरे लिए शंख ज़रूर लाना.” मी हो म्हटलं. का म्हटलं?

मग उखाण्याचा आग्रह. घेतला.

सातासमुद्रापार बेट, तिथं माडांची दाटी,
प्रकाशरावांचं नाव घेते काकूंच्या आग्रहासाठी.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चारचौघांत त्याचं नाव पहिल्यांदाच घेतलं. आणि तेही आज.

पाटावरून उठताना साडीच्या काठाने तो माड पुसला गेला. मला एकदम रडूच फुटलं.

काकूंनी जवळ घेतलं. “वेडी की काय तू! रांगोळीसाठी कुणी रडतं का? आता खरे माड बघायला चाललीस ना!”