पुलाची तपासणी

प्रिय ठमे,

काल तू फोनवर चिडलीस आणि मी मध्येच फोन ठेवला. रागाने नाही गं. आई शेजारी जागी होती आणि तिच्यादेखत बोलण्यासारखं ते नव्हतं. म्हणून लिहितोय. अक्षर लागलं नाही तर जावईबापूंना दाखव. औषधाचं दुकान चालवतात, त्यांना असल्या अक्षराची सवय असेल.

आपल्या पुलाला पैसे का मिळाले नाहीत, असं तू विचारलंस. जुने पूल पाडून नवे बांधायला सरकारी निधी आला होता, हे खरं. तपासणीला इंजिनिअर येणार असा निरोप आला आणि तुझी आई पदर खोचून कामाला लागली. उभा जन्म शाळेत शिकवलेली बाई! तपासणी म्हटली की तिला एकच ठाऊक: फळा पुसा, नखं कापा, गावाची अब्रू राखा. तिने अख्खं गाव पुलावर आणलं. कठड्यांना चुना फासला, उघड्या पडलेल्या गजांवर गिलावा केला, भेगा सिमेंटने बुजवल्या. गवंडीही तिचाच विद्यार्थी, नाही म्हणायची त्याची काय टाप! इंजिनिअरने चहा घेतला, पूल छान ठेवलाय म्हणाला, आणि ही आठवडाभर हवेत.

निधी शेजारच्या खोऱ्यात गेला. मी कार्यालयात भांडायला गेलो, तर कारकून म्हणाला, काका, तुमचा पूल सुस्थितीत आहे, मग नवा कशाला? घरी येऊन निधी संपला एवढंच सांगितलं. तिने सरकारच्या नावाने बोटं मोडली, मीही मोडली. गावात सगळ्यांना खरं माहीत आहे, पण तिच्यापुढे एकानेही तोंड उघडलेलं नाही.

यंदाच्या पुरात मधले दोन खांब गेले. नदी अजून उतरलेली नाही, होडीवाला पाण्याकडे बघून मान हलवतो. कार्यालय म्हणतं, पुढच्या टप्प्यात विचार करू. मला आता त्यांचा रागसुद्धा येत नाही, इतका मी थकलोय.

तू आईसाठी अँब्युलन्स ठरवलीस, शहरातल्या इस्पितळात खाट धरून ठेवलीस, सगळं बरोबर केलंस पोरी. पण परवा डॉक्टर डोंगराच्या वळशाने मोटरसायकलवर आले होते. येईपर्यंत त्यांचीच कंबर धरली. तिला तपासून मला अंगणात घेऊन गेले. पूल असता तर नेता आलं असतं, म्हणाले. त्या रस्त्याने ती इस्पितळापर्यंत पोचणार नाही. आणि इथे ठेवली तर फार दिवस नाहीत.

तेव्हा अँब्युलन्स नको म्हणून सांग. तिला न्यायला येऊ नकोस, तिच्यापाशी बसायला ये, आणि लवकर ये. ती रोज विचारते, इतका नीटनेटका केलेला पूल पडला कसा? मी म्हणतो, पूरच तसा होता. तुलाही विचारेल. तूही तेवढंच सांग.

तुझी वाट बघणारा,
तुझाच,
बाबा