रम्य पहाट, साडेसात गुण

१२ फेब्रुवारी, सोमवार

कविराजांचा गठ्ठा माझ्याच माथी! मोठ्या बाईंचं फर्मान – प्रत्येकाने दुसऱ्याच्या पेपरांची बेरीज तपासायची. मला दहावी ब, भाषा, त्रेसष्ट पेपर. भाषेच्या सरांना सगळी शाळा कविराज म्हणते आणि ते खुशीत मिरवतात. पेपरांवर चहाच्या कपाचे गोल डाग, एकावर तेलकट अंगठा. शी! हा माणूस शिक्षकांच्या खोलीत काडीने दात कोरतो आणि तीच काडी पेनांच्या डब्यात ठेवतो. माझ्या शेजारच्या.

बावीस वर्षं इतिहास शिकवतेय इथे. या खोलीचा वास काही अंगवळणी पडला नाही.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

एका पेपरात निबंधाला वरच्या पानावर साडेसात गुण, आत आकडाच नाही. म्हणून पान उलटलं. विषय – रम्य पहाट. पूर्वेला लाली पसरते, पक्षी किलबिल करतात, वगैरे. आणि मध्येच, त्याच सुबक अक्षरात:

‘सर, माझी आई जिन्यावरून पडली तेव्हापासून उठलेली नाही. बाबांनी ढकललं. डॉक्टरकडे नेत नाहीत. कुणाला सांगितलंस तर तुझीही तीच गत करीन म्हणतात. आईच्या पाठीला जखमा झाल्यात, वास येतो. सर, कुणीतरी या.’

पुढचं वाक्य – दवबिंदू मोत्यांसारखे चमकतात.

आणि या सगळ्यावरून एकच लांबलचक लाल खूण. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत, फर्रकन! आईच्या जखमांवरून गेलेली. दहापैकी साडेसात.

खिडकीशी बसणारी ती मुलगी. नेहमी मान खाली. हजेरी बघितली – पेपर संपल्यापासून आठ दिवस आलेलीच नाही.

घरी ह्यांना सांगितलं. टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाले, “पोलिसांच्या भानगडी आपल्या दारात नकोत. शाळेचं शाळा बघेल. उगाच नाकाने कांदे सोलत बसू नकोस.” आणि मी काय केलं? भात लावला. स्वतःचीच शिसारी आली.

१४ फेब्रुवारी, बुधवार

मधल्या सुट्टीत पेपर कविराजांपुढे आपटला. त्यांनी वाचलं. दोनदा वाचलं. मग हसले!

“अहो बाई, त्रेसष्ट निबंध! एकेक वाचत बसलो तर जन्म जायचा. अक्षर बघायचं, पानं बघायची, गुण टाकायचे. तुम्ही काय काल नोकरीला लागलात?”

खोलीतले सगळे हसले. तोंडात घास असलेलेसुद्धा. टेबलावर तुषार उडाले.

मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला, दार लावलं. “निबंध म्हणजे कल्पनाच असते हो. मुलं काहीही लिहितात. शिवाय गुण दिलेले आहेत – उद्या कुणी विचारलं तर? झाकली मूठ आहे तोवर ठीक. पेपर माझ्याकडे ठेवून जा.” हात पुढे केला. नखांना ताजा गुलाबी रंग.

मी पेपर पर्समध्ये कोंबला आणि बाहेर पडले. व्हरांड्यात शिपाई मावशी फरशी पुसत होत्या. त्यांना मुलीचं घर ठाऊक होतं. सगळं ऐकलं, फडकं बादलीत टाकलं आणि म्हणाल्या, “चला.” एवढंच.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

काल पुढचं लिहिणं जमलं नाही. आज लिहिते.

तिसरा मजला. दार बापाने उघडलं. इस्त्रीचा सदरा, भांग नीट पाडलेला, बोलणं लोण्यासारखं! “या ना मॅडम. पोरीला ताप होता म्हणून शाळा बुडाली. तिची आई माहेरी गेलीय, महिना झाला.” मुलगी मागे भिंतीला चिकटून उभी. आणि उदबत्त्यांच्या धुरातून तो वास... अजून नाकातून जात नाही.

बावीस वर्षं पोरांना दरडावणारी मी, त्या सदऱ्यापुढे नुसती “बरं, बरं” करत होते. मावशींनीच त्याला कोपराने ढकललं. “सरका बाजूला. तहान लागलीय मला. पाणी कुठे असतं ते बायकांना सांगावं लागत नाही.” आणि सरळ आतल्या खोलीची कडी काढली.

बाहेरून लावलेली कडी.

पलंगावर एक बाई होती. बाई कसली, चादरीखाली काड्या. मावशी तिच्या उशाशी बसल्या, कपाळावर हात ठेवला, आणि तोंडातून एक अशी शिवी निघाली की बाप दाराबाहेर जिन्याच्या दोन पायऱ्या खाली उतरला. तोवर मी फोन लावला होता. रुग्णवाहिका, मग पोलीस. शेजाऱ्यांची दारं तेव्हा उघडली. “आम्हाला वाटलंच होतं!” म्हणे. वाटलं होतं तर मेल्यांनो –

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

साडी दोनदा धुतली.

१७ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या. “खुबा मोडून चार महिने झालेत. तेव्हाच आणलं असतं तर एव्हाना चालत असत्या. आता जगतील. चालणं विसरा.” बाप कोठडीत आहे. मुलगी मावशींकडे राहतेय.

कविराज दवाखान्यात आले होते. हातात मोसंब्यांची पिशवी, सोबत फोटो काढायला एक विद्यार्थी! मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतात, “बाळ, मला एका शब्दाने सांगायचं नाही का?” तिने त्यांच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

आणि सकाळी प्रार्थनेला मोठ्या बाईंचं भाषण – ‘आपल्या शिक्षकांची दक्षता’! टाळ्या. मला गुच्छ. मी तो घेतला. हसलेसुद्धा असेन.

१९ फेब्रुवारी, सोमवार

शाळा सुटल्यावर दवाखान्यात गेले. आई झोपली होती. मुलगी बाकावर, तिच्याशेजारी मी. मग मी विचारलं, “तुला सरांनाच का लिहावंसं वाटलं गं?”

“सरांनाच नाही, बाई. सगळ्यांना लिहिलं होतं. पहिल्या चाचणीपासून.” पुढे म्हणाली, “गणितात सोडून. तिथे वाक्यं लिहायला जागा नसते.”

तक्रारीचा सूरच नव्हता. पाणी आणायला उठून गेली.

२० फेब्रुवारी, मंगळवार

माझं कपाट उघडलं. ऑक्टोबरची पहिली चाचणी, दहावी ब, इतिहास. प्रश्न चौथा – क्रांतीची कारणे. तिसऱ्या कारणाखाली: ‘बाई, काल बाबांनी आईला जिन्यावरून ढकललं. तिला उठता येत नाही. तुम्ही आज घरी याल का?’

पाचपैकी साडेचार. समासात माझं अक्षर – ‘मुद्देसूद. छान!’