मंगळ मार्गी झाल्यानंतरचे बारा दिवस

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय पत्रिका मांडणे, गल्लीत कोष्टकबाई या नावाने ओळखली जाणारी, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, हात थरथरतो तो वयाने, आणि हे लिहायला मला कोणी बसवलेले नाही. उलट बसवत नाही हीच अडचण आहे. एवढे लिहीपर्यंत दोनदा उठले. एकदा गॅस बंद आहे का पाहायला, एकदा कशाला ते आठवत नाही. याआधीची तीन मृत्युपत्रे मीच फाडली. तिन्हींत घरादाराची वाटणी चोख होती, पण पाचवे कलम नव्हते. हे मृत्युपत्र शेवटचे समजावे.

कलम १. माझे राहते घर, म्हणजे पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि गच्चीचा जिना, माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला मिळावे. ही भाची चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासते. मला मूल नाही. बहीण गेली त्याला अकरा वर्षे झाली. तेव्हापासून दर रविवारी भाचीच येते, आठवड्याच्या गोळ्या डबीत भरते आणि मागच्या उरलेल्या दिसल्या की डोळे वटारते. मधल्या खोलीच्या खिडकीला जोर लावू नये, खालून उचलावी.

कलम २. बँकेत जे असेल ते, माझे खुब्याचे हाड मोडल्यापासून मला अंघोळ घालणाऱ्या बाईंना द्यावे. त्यांनी माझी एकही तक्रार मनावर घेतली नाही, हे उपकार.

कलम ३. पत्रिका यजमानांच्या नावावर चालत. हे पुढच्या खोलीत बसून भविष्य सांगत आणि मी स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता गणित करी. हे गेल्यावर माझ्या दिरांनी पुढच्याच गल्लीत पाटी लावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितले की बायकांच्या गणितात हातचा राहून जातो. त्याच दिरांकडच्या अवघड पत्रिका मागच्या दाराने माझ्याकडे येत. मी त्या करून दिल्या, कधी बोलले नाही. आता बोलते. गेल्या चाळीस वर्षांची ग्रहांची कोष्टके दिरांना द्यावीत. होऊन गेलेले भविष्य सांगण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही.

कलम ४. लोकांच्या पत्रिकांच्या वह्या भिजवून लगदा करावा. कोणाचे लग्न कशाने मोडले ते त्यांत आहे.

कलम ५. आधी वक्री म्हणजे काय ते सांगते. ग्रह मागे जात नाही. आपली पृथ्वी त्याच्या शेजारून पुढे निघून जाते, तेवढे दिवस तो उलटा सरकल्यासारखा दिसतो. पुन्हा सरळ चालताना दिसला की मार्गी झाला म्हणतात. ज्योतिषात त्या दिसण्यालाच अर्थ आहे. वक्री काळ नवे उभारण्याचा नाही, जुने उसवून पाहण्याचा. बुध वक्री असता करारावर सही करू नये, शुक्र असता लग्न ठरवू नये. आणि मंगळ शस्त्राचा, रक्ताचा, म्हणून तो वक्री असता अंगाला शस्त्र लावून घेऊ नये. हे मी जन्मभर सांगितले आणि मानलेही. कोणाला फसवले नाही, एकदा सोडून.

बहिणीच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी पंधरा दिवसांत शस्त्रक्रिया करा म्हणून सांगितले. मंगळ वक्री होता, मार्गी व्हायला सव्वीस दिवस होते. मी थांब म्हटले. ती थांबली आणि ते दिवस काढायला माझ्याकडे राहायला आली. यजमान जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. घरात भांडे पडले तरी मी दचकत असे. ती आली आणि घर बोलू लागले. पत्त्यांत उघड लबाडी करायची. माझे केस कापले ते एका बाजूला आखूड झाले, आणि दोघी हसून हसून जमिनीवर बसलो. सकाळी उठल्या उठल्या विचारायची, "ताई, आज मंगळ कुठवर आला गं?" जणू बस यायची आहे.

सव्विसाव्या दिवशी मंगळ मार्गी झाला. त्या सकाळी तिने विचारले, आणि मी म्हणाले, "झाला, पण अजून जागचा हलत नाही. स्तंभी आहे. बारा दिवस जाऊ देत."

असा बारा दिवसांचा नियम मी कुठेही वाचलेला नाही. मला ती घरात हवी होती.

शस्त्रक्रिया झाली. ती पुढे दीड वर्ष जगली. एवढ्या उशिराने फरक पडला का, असे मी एकदा डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, सांगता येत नाही. पडला म्हणाले असते तर मी कोसळले असते, नाही म्हणाले असते तर झोपले असते. अकरा वर्षे मी दोन्ही केलेले नाही.

कलम ६. पाचवे कलम मी मेल्यावर वकिलाच्या तोंडून भाचीने ऐकावे, असे आधी ठरवले होते. तो भित्रेपणा झाला असता. काल रविवारी ती आली तेव्हा समोर बसवून वाचून दाखवले. तिच्या हातात गोळ्यांची डबी होती, ती तिने बंद केली. मग विचारले, "आईला माहीत होतं?"

मी खरे ते सांगितले. बहिणीला कोष्टक वाचता येत होते. लहानपणी मीच शिकवले होते. ते टेबलावर उघडेच असे, आणि मंगळ पुढे सरकू लागल्याचे त्यात दिसत होते. पण त्या बारा दिवसांबद्दल तिने कधी विचारले नाही, आणि तिला कळले का हे मीही विचारले नाही.

"म्हणजे ती घाबरली होती आणि तू एकटी होतीस," भाची म्हणाली. "दोघींनी मिळून मला फसवलंत."

मी मान हलवली. मला माफ कर म्हणणार होते, पण ते तिच्या डोक्यावर आणखी एक ओझे झाले असते.

तिने उरलेल्या गोळ्या भरल्या, मंगळवारची चुकून दोनदा भरली आणि काढली. दारात चपला घालताना म्हणाली, "पुढच्या रविवारी मी येणार नाही. त्याच्या पुढचं बघते."

कलम ७. ती आली किंवा न आली, घर तिचेच. त्यावर माझी कोणतीही अट नाही. हे कलम कोणी बदलून घ्यायला आले, मग ती स्वतः का असेना, तर माझी त्याला संमती नाही.

वरील मजकूर साक्षीदारांसमक्ष वाचून, त्यांच्यादेखत सही केली. साक्षीदारांना काही देता येत नाही म्हणे, म्हणून दोघांना चहा दिला आहे.

सही : कोष्टकबाई

साक्षीदार १ : वरच्या मजल्यावरचे भूगोलाचे निवृत्त मास्तर
साक्षीदार २ : समोरच्या दवाखान्याचे डॉक्टर (लिहिणारी शुद्धीवर असल्याचे तपासून)

ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : एकोणीस, सोमवार, सकाळचे साडेदहा