अपरिपक्व माती

२ नोव्हेंबर

चि. बाळ यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. सर्दी अजून आहे म्हणतोस. पन्नाशीतही मफलर बांधायला बहिणीने सांगावं लागतं, धन्य आहे तुझी.

इथे तुझ्या नावाने गहजब चालला आहे. किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांची पाहणी करून तू दिलेला अहवाल आमच्या सुशोभन समितीने वाचला. सगळा नव्हे, एकच ओळ: समुद्राकडच्या टेकडीची माती अपरिपक्व आहे. अध्यक्ष, म्हणजे आपले शेजारचे दातांचे डॉक्टर, सभेत म्हणाले की गावाला हे शोभत नाही, तिला वळण लावलं पाहिजे. टेकडी सपाट करायची, बाहेरून चांगली माती आणायची, हिरवळ लावायची, बाकं टाकायची. मी विरोध करायला हात वर केला. तो त्यांनी अनुमोदन म्हणून मोजला.

बाळ, त्या टेकड्यांच्या आडोशानेच आपलं घर उभं आहे. काहीतरी कर.

लोभ आहेच, मफलरही असू दे.

तुझी ताई

९ नोव्हेंबर

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

अगं, अपरिपक्व म्हणजे वाया गेलेली नव्हे, नुसती नवी! आमच्या धंद्यातला शब्द आहे तो. समुद्राकडची टेकडी म्हणजे वाळू आणि शिंपल्यांचा चुरा. त्यात एखादी वेल तग धरते, वाळू अडवते, सुकते, कुजते. त्या कुजण्यावर दुसरी झुडपं येतात. पाऊस शिंपल्यांचा चुना विरघळवून खाली नेतो. किनाऱ्याकडून घराकडे चालत ये, माती जुनी, काळसर, जराशी आंबट होत जाते. आपल्या कुंपणालगतची टेकडी सगळ्यांत म्हातारी. तिच्यावरचा बोटभर काळा थर पणजोबांच्याही आधीपासून जमतो आहे.

समितीला खुलासा पाठवला आहे: पुढच्या टेकडीला वेळ द्या, मागची माती बघा कशी परिपक्व झाली आहे. आता निर्धास्त राहा.

रागावत जा, पण माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा बाळ

२० नोव्हेंबर

चि. बाळ यास,

आशीर्वाद देते, पण दात-ओठ खात. तुझा खुलासा सभेत मोठ्याने वाचला गेला. अध्यक्षांना अतिशय आवडला. म्हणाले, घरचीच परिपक्व माती असताना बाहेरून कशाला आणायची? लगेच आपल्या कुंपणालगतची टेकडी खरवडायला यंत्र आलं. काळा थर उचलून पुढे पसरायचा. तुझे जाहीर आभारही मानले.

मी खुर्ची घेऊन टेकडीवर जाऊन बसले. यंत्रवाला काकुळतीला आला, म्हणाला, आजी, उठा. मी म्हटलं, माती परिपक्व, मीही परिपक्व, दोघींना एकदमच उचल. बिचारा हसत निघून गेला, पण तोवर अर्धी टेकडी सोलून झाली होती.

मग वारा सुटला. उघडी पडलेली वाळू उडाली ती थेट अध्यक्षांच्या दवाखान्यात. पेशंट आ करून बसलेले. चुळा भरून भरून बेजार झाले. काम आज थांबलं, आणि ते तुझ्या शास्त्राने नव्हे.

सोललेली टेकडी पुन्हा पहिल्यासारखी कधी होईल? समजूत घालू नकोस, खरं सांग.

ताई

२७ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

शब्द माझा आणि भोगतेस तू. खरं सांगतो: आपल्या हयातीत नाही. ती वाळू आता पुन्हा पहिलीच्या वर्गात बसली आहे. भोवती दोर बांध, कोणाला चालू देऊ नकोस, आणि जे उगवेल ते तण म्हणून उपटू नकोस.

पुढच्या महिन्यात येतो. हवं तेवढं बोलून घे.

बाळ

१४ डिसेंबर

चि. बाळ यास ताईचे आशीर्वाद.

दोर बांधला. अध्यक्षांनी स्वखुशीने पाटी करून दिली: ‘येथे माती तयार होत आहे’. मग उद्घाटनाची तारीख विचारायला घरी आले. मी तुझं उत्तर सांगितलं. त्यांनी हळूच विचारलं, म्हणजे तेव्हा आपण कोणीच नसणार का? मी म्हटलं, कोणीच नाही. माणूस तसा वाईट नाही रे. चेहरा पाहून मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटीवर खाली स्वतःचं नाव लिहून घेतलं, पाटीच्या मजकुराहून मोठ्या अक्षरांत, सगळ्यांत टिकाऊ रंगाने.

ती पाटी मात्र वारा छान अडवते. तिच्या पायाशी वाळू साचू लागली आहे, आणि त्या वाळूत आज एक वेल धरलेली दिसली. अशीच साचत राहिली तर नाव आधी बुडेल. मी झाडून काढणार नाही.

लवकर ये, माझा जीव तुझ्यात अडकलेला असतो.

तुझी ताई